वास आहे, घरघर नाही

माझं लग्न लागत होतं तेव्हाची गोष्ट. मधे अंतरपाट, पलीकडे नवरदेव, भटजींचं 'सावधान' चाललेलं, आणि मी अलीकडून ओळखलं की या माणसाने उपास मोडून सकाळी शेवभाजी हाणलीय. नंतर विचारलं तर कबूल झाले. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. लपवून उपयोगच नव्हता.

ही गोष्ट आमच्या बिल्डिंगमधे कुणालाही खरी वाटत नाही. मी लिफ्टमधे बिबट्या बघितला होता, तीही वाटत नाही. बिबट्याचं सोडा, त्यात थोडी फोडणी होती. नाकाचं मात्र खरंय, आणि आज सांगतेय ते नाकाचंच आहे. म्हणजे दोन नाकांचं. एक माझं, आणि एक माझ्या नातीने बनवलेलं.

मी कोकिळा झोपे. वय शहात्तर. जळगावात केळीबाग अपार्टमेंट, पाचवा मजला, एकटी. मुलगा-सून नाशकात. नात मुक्ता मात्र इथेच एका प्रयोगशाळेत, आणि दर रविवारी माझ्याकडे जेवायला.

जळगावचा उन्हाळा आता एकोणपन्नासला टेकतो. घराघरात दोन-दोन एसी, खाली स्कूटरींचं चार्जिंग, आणि भिंतीतल्या वायरी मात्र बिल्डिंग बांधली तेव्हाच्याच. त्या बिचाऱ्यांनी किती ओढायचं? दर उन्हाळ्यात शहरात कुठे ना कुठे घर पेटतं. पाचेक वर्षांपूर्वी मुक्ताच्या मैत्रिणीचं पेटलं. मैत्रीण वाचली, तिची आई वाचली नाही. मुक्ता तेरवीहून आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आजी, आग लागायच्या आधी काय येतं?"

"धूर."

"आणि धुराच्या आधी?"

"वास येतो गं. दूध करपायच्या आधी नाही का येत?"

"मग त्या वासालाच पकडायचं," ती म्हणाली आणि उठून गेली. जेवलीसुद्धा नाही.

तीन वर्षांनी तिने ते नाक आणलं. बशीएवढी पांढरी डबी, भिंतीवर लावायची, घरात आणि जिन्यातही. मला समजावं म्हणून तिने ताटलीत तांदूळ पसरून दाखवलं. डबीच्या आत नखाएवढी पट्टी, तिच्यावर दोनशे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला वेगळा लेप. हवेतून वास आला की काही ठिपके जागे होतात, काही झोपून राहतात, आणि त्याची एक रांगोळी उमटते. हिंगाची रांगोळी वेगळी, उदबत्तीची वेगळी. वायरीचा जोड ढिला झाला की ती तिथे तापते. वरचं प्लास्टिक जळायच्या कितीतरी आधी त्यातून तेलकट वाफ सुटायला लागते, माणसाला कळणार नाही इतकी थोडी. या डबीला ती कळते. धूर दिसायच्या तासभर आधी.

"आणि आजी, ही सगळी नाकं एकमेकांशी बोलतात. एका घरातलं नाक जे शिकलं, ते इथल्या चाळीसही घरांतल्या नाकांना माहीत."

"म्हणजे आपल्या बिल्डिंगमधल्या बायकांसारखंच की," मी म्हटलं.

चाचणी आमच्याच बिल्डिंगमधे ठरली, एक वर्षाची. ती पास झाली तर शहरातल्या सगळ्या जुन्या बिल्डिंगींना ही डबी लागणार होती. अट एकच. वर्षभरात खोटे अलार्म बारा झाले, की डब्या काढायच्या आणि विषय संपला. ही अट घातली आमचे चेअरमन अण्णा भंगाळे यांनी. तिसऱ्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून रिटायर, कानाला मशीन. धरणाचं दार उघडावं तसं तोंड उघडतात आणि मग बंद होत नाही.

आता माझी अडचण ऐका. आख्ख्या बिल्डिंगमधे गॅसची शेगडी एकट्या माझ्याकडे उरलेली. बाकी सगळ्यांकडे इंडक्शन. पण भरताचं वांगं काय इंडक्शनवर भाजायचं? खरं तर ते कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायचं असतं, शेतात. गॅसवर भाजणं हीच मुळात तडजोड. वांग्याची साल करपून फुटली, की डबी लाल व्हायची, मजल्याची लाइट जायची आणि जिन्यात एक बाई गोड आवाजात म्हणायची, "कृपया लक्ष द्या. असामान्य गंध आढळला आहे." तिचं बोलणं इतकं गोड, की लोक आधी चहा संपवायचे आणि मग पायऱ्या उतरायचे. खाली आले की सगळे माझ्याकडे बघायचे.

अकरा खोट्या अलार्मांपैकी आठ माझे. अकरावा तर मिक्सरचा. माझा मिक्सर मुलाच्या लग्नातला आहे. काळा मसाला वाटायला घेतला की त्याची मोटर तापते आणि तो एक वास येतो. तुमच्याही घरात येत असेल, जुन्या मिक्सरला येतोच.

त्या दिवशी रविवार होता. मुक्ता माझ्याबरोबरच खाली उतरली. अण्णा बनियनवर टॉवेल टाकून उन्हात उभे.

"कोकिळाबाई, अकरा झाले! आणखी एक, की या डब्या भंगारात. मुक्ता, बाळा, तुझी मेहनत आहे, मान्य. पण तुझ्या डबीपेक्षा तुझी आजी जास्त बोंबलते आणि दोघींचंही खरं नसतं."

लोक हसले.  मुक्ताने फक्त वहीत वेळ लिहिली, अकरा वाजून सात मिनिटं, आणि वही बंद केली. ती वही बंद करणं माझ्या मनाला लागलं. मी मनात म्हटलं, बारावा अलार्म माझ्या घरातून होणार नाही. काही झालं तरी नाही.

आणि मी एक उद्योग केला.

नाकाला नवा वास आला आणि तो थोडाच असला, तर ते लाल होत नाही, पिवळं होतं आणि विचारतं, "हे नेहमीचं आहे का?" खाली हिरवं बटण. मुक्ताने सगळ्यांना बजावलं होतं, की वास कशाचा आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे बटण दाबायचं नाही. मी काय केलं, रोज दुपारी मिक्सर नुसताच फिरवायचा, रिकामा. दोन मिनिटं. वास सुटायला लागला, डबी पिवळी झाली, की बटण. "नेहमीचं आहे गं बाई, नेहमीचंच आहे." दुसऱ्या दिवशी अडीच मिनिटं. मग तीन. पहिलीच्या वर्गाला पाढे शिकवावेत तसं अठरा दिवस तिला शिकवलं. एकोणिसाव्या दिवशी पूर्ण काळा मसाला वाटला, स्वयंपाकघरात उभं राहवेना इतका वास, आणि डबी आपली हिरवीगार, शांत.

वांगं भाजणं तर बंदच केलं. पुढचे दोन महिने एकही अलार्म नाही. मुक्ता रविवारी आली ती नाचतच.

"आजी, नाक शिकलं गं! आपोआप शिकलं!"

मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही.

"हुशार आहे," म्हटलं. "कुणावर गेलंय?"

*

एप्रिलमधे आमच्याकडे बिबडे करतात. ज्वारीचं पीठ शिजवायचं, ओल्या धोतरावर त्याचे पातळ पापड थापायचे आणि खाटेवर उन्हात उलटायचे. पीठ कुणाच्याही घरी का शिजेना, थापायला आम्ही सगळ्या बायका गच्चीवर एकत्र. त्या दिवशी आम्ही दहाजणी होतो. सहाला सुरू केलं, साडेनऊला पायाखाली फरशी चटके द्यायला लागली आणि धोतर कमी पडलं.

"मावशी, माझ्या घरात आहे, कपाटात खालच्या खणात," कुंदा नेहते म्हणाली. कुंदा तिसऱ्या मजल्यावर, अण्णांच्या समोरच्या दाराला राहते. तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

धोतर घेतलं, ओलं केलं, पिळलं, बाहेर आले, कुलूप लावलं. आणि तिथेच थांबले.

मिक्सरचा वास.

कुणीतरी मसाला वाटतंय, मनात आलं. दोन पायऱ्या चढलेसुद्धा. मग पाय आपोआप थांबले. वास होता, पण घरघर नव्हती. मिक्सर चालू आहे आणि आवाज नाही, असा मिक्सर अजून जन्माला यायचाय. आणि वाटणार कोण? मजल्यावरच्या बायका एक तर गच्चीवर, नाहीतर कामावर.

मी जिन्यातल्या डबीकडे बघितलं. हिरवी. पिवळीसुद्धा नाही. मी अण्णांच्या दाराच्या फटीशी नाक नेलं. वास तिथून येत होता.

आणि मग मला उमगलं. एका नाकाने शिकलं, की चाळीस नाकांना माहीत. मी माझ्या डबीला थाप मारली होती आणि ती थाप तिने घरोघर नेऊन पोचवली होती. आयुष्यभर थापा मारल्या, कुणी एकावर विश्वास ठेवला नाही. आणि हीच एक थाप आख्ख्या बिल्डिंगने खरी मानली.

बेल दाबली. तीनदा. अण्णांचा मुलगा-सून कामावर. अण्णा नाश्ता करून एसी लावून झोपतात, कानातलं मशीन काढून. ढोल वाजवला तरी उठायचे नाहीत.

भिंतीवर लाल दांडी होती. ती हाताने ओढली की मजल्याची लाइट बंद, भोंगा सुरू आणि अग्निशमनला आपोआप फोन. मी दांडीला हात लावला आणि माझ्या डोळ्यांपुढे ती बंद होणारी वही आली. माझी चूक असली, तर हा बारावा. मुक्ताची चार वर्षं भंगारात. माझं खरं असलं, तर जळत्या घरासमोर तिची डबी हिरवी उभी होती, हे जगजाहीर. दोन्हीकडून पोरगीच मरत होती.

पण आत माणूस झोपला होता. तोंडाळ असला तरी माणूस.

ओढली.

*

गच्चीवरून बायका उतरल्या, कोपरापर्यंत पीठ लागलेलं, चिडलेल्या. सगळ्यांत पुढे कुंदा.

"मावशी! काय केलंस हे? बारावा झाला! पोरीचं वाटोळं केलंस!"

"अण्णांच्या घरात काहीतरी जळतंय."

"डबी तर हिरवी आहे."

"डबी खोटं बोलतेय."

"डबी खोटं बोलतेय आणि तू खरं?" मागून माधुरी बऱ्हाटे म्हणाली. ती चौथ्या मजल्यावरची, शाळेत खेळ शिकवते. "मावशी, परवा बिबट्या, आज आग. दार उघडलं आणि काही नसलं, तर अण्णा आपल्याला सोलतील."

किल्ली माझ्या हातातच होती. भंगाळ्यांची जास्तीची किल्ली कुंदाच्याच जुडग्यात असते. पण मुक्ताने आगीच्या सरावात शिकवलं होतं, एकटीने आत जायचं नाही, कधीच नाही. मला दोन माणसं हवी होती. आणि समोर नऊ होती, पण माझी एकही नव्हती.

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"ऐका," मी म्हटलं. "डबीला मी फसवलंय. अठरा दिवस रिकामा मिक्सर फिरवून तिला शिकवलं, की जळका वास आला तरी गप्प बसायचं. बारावा अलार्म होऊ नये म्हणून. मुक्ताला माहीत नाही. चूक माझी आहे. आणि लिफ्टमधे बिबट्या नव्हता. सोनवण्यांचं पिवळं मांजर होतं."

 कुंदा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षांत मी थाप मारली असं माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मी कबूल झाले, आणि म्हणूनच त्यांना पटलं.

"आण ती किल्ली," कुंदा म्हणाली.

माधुरीने ओलं धोतर टरकावलं आणि तिघींनी तोंडाला बांधलं. पालथा हात दाराला लावून बघितला, दार गार होतं. उघडलं. हॉलमधे काही नाही, नुसता वास. अण्णांच्या खोलीचं दार कोमट. माधुरी म्हणाली, "वाका. सगळ्या वाका." आम्ही वाकून आत गेलो. अण्णांच्या डोक्यामागे लाकडी पॅनेल आहे, शोभेचं, एसीची वायर त्याच्या मागून नेलेली. पॅनेलवर परातीएवढा तपकिरी डाग पडला होता आणि त्याच्या कडेने धुराचा दोरा निघत होता, उदबत्तीसारखा. खाली अण्णा घोरत होते.

दोघींनी खांदे धरले, मी पाय. जागे झाले आणि शिव्या सुरू.

"काय चाललंय! कोकिळाबाई, तुम्ही? माझ्या बेडरूममधे?"

"लग्न करायला नाही आले. उठा!"

बनियन-लेंग्यात त्यांना बाहेर काढलं. येताना खोलीचं दार लावलं, मग घराचं. माधुरी प्रत्येक मजल्यावर दारं वाजवत गेली. लिफ्टला कुणी हात लावला नाही. आम्ही खाली पोचलो आणि वर बघितलं, तर अण्णांच्या खिडकीची काच तडकली आणि काळा धूर बाहेर पडला. आतलं पॅनेल पेटलं होतं.

बंब आला. वीस मिनिटांत विझवलं. दार लावलेलं असल्याने आग त्या एका खोलीबाहेर गेली नाही. नंतर एका जवानाने अण्णांची उशी खाली आणली. अर्धी काळी, मधे भोक. अण्णांनी ती बघितली आणि स्कूटरच्या पायरीवर मटकन बसले. धरणाचं दार पहिल्यांदाच बंद झालेलं मी बघितलं.

आणि गच्चीवरचे बिबडे? ते बिचारे आमच्याशिवायच वाळले. असे कुरकुरीत पुन्हा झाले नाहीत.

*

मुक्ता धावतच आली. आधी मला चाचपून बघितलं, मग वर जाऊन डबी काढून आणली आणि जिन्यातच मांडी घालून लॅपटॉप उघडला. मी तिच्याजवळ पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोडणी न घालता.

ती स्क्रीनवरच्या रांगोळ्या वरखाली करत राहिली. मला वाटलं, आता ही उठेल आणि दर रविवारचं जेवण संपेल.

"आजी, डबीला जो वास आला, तोच तुला आला. तिला नेहमीचा वाटला. मग तुला का नाही वाटला?"

"घरघर नव्हती ना गं."

तिची बोटं थांबली.

"पुन्हा बोल."

"वास मिक्सरचा होता, पण मिक्सर चालू नव्हता. वासाला कारण पाहिजे की नाही? कारणाशिवाय आलेला वास चोरच असणार."

तिने माझा गालगुच्चा घेतला, पिठासकट. शहात्तर वर्षांच्या बाईचा!

"मी तिला फक्त वास घ्यायला शिकवलं. 'हा वास आत्ता का आला', हे विचारायला शिकवलंच नाही."

चार दिवसांनी सोसायटीची मीटिंग झाली. शहराच्या चाचणी समितीचे तीन लोक आले होते. मी आधीच मुक्ताला म्हटलं होतं, "मी सांगते त्यांना. बॅटरी उतरली होती म्हणते. असं सांगते, की तेच रडतील." ती नुसती हसली. आणि उभी राहून म्हणाली, "माझं यंत्र चुकलं. धोका समोर असताना ते गप्प राहिलं. का गप्प राहिलं ते मला कळलंय आणि ते मी दुरुस्त करीन. पण त्या दिवशी माणूस यंत्राने वाचवला नाही, माझ्या आजीने वाचवला."

एवढंच. एका शब्दाची फोडणी नाही. माझ्याच रक्ताची पोर आणि साधी एक थाप मारता येत नाही तिला! मी खुर्चीवर अशी ताठ बसले होते, की पाठीला रग लागली.

अण्णा उठले. "बारावा अलार्म झालाय," म्हणाले.  "पण अट खोट्या अलार्मांची होती. हा खरा होता. म्हणजे अकराच. डब्या राहतील." बसता बसता पुटपुटले, "आणि ते मांजर होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

नवीन नाक सहा महिन्यांनी आलं. आता ते वास तर घेतंच, शिवाय घरात काय चालू आहे तेही वायरीतल्या करंटवरून बघतं. मिक्सरचा वास आणि मिक्सर चालू, तर गप्प. मिक्सरचा वास आणि मिक्सर बंद, तर बोंब. आणि हिरवं बटण आता एकटीने दाबता येत नाही. शेजारच्या घरातल्या माणसाने येऊन, स्वतः वास घेऊन, बरोबरीने दाबायचं. त्यामुळे मी वांगं भाजायला घेतलं, की कुणाला तरी वर यावंच लागतं. आलेला माणूस भरीत खाल्ल्याशिवाय जात नाही. अण्णा तर तिसऱ्या मजल्यावरून येतात. शेजारी कसे म्हणायचे? पण नियमाला धरून चाललंय म्हणतात.

ती गोड बोलणारी बाईही गेली. तिचं ऐकून कुणी चहा खाली ठेवत नव्हतं. मुक्ता म्हणाली, दुसरा आवाज हवा, जो ऐकला की माणूस दचकून उठेल. तिने मला एका खोलीत बसवलं, पुढे माइक ठेवला आणि म्हणाली, "आजी, ओरड."

आज शहरातल्या सहा हजार घरांत मी आहे. सहा हजार! यात फोडणी नाही, वाटल्यास मुक्ताला विचारा. डबी लाल झाली की मी ओरडते, "अरे, उठा! काहीतरी जळतंय! चहा राहू द्या, खाली उतरा!" आणि ज्यांनी माझं बिबट्याचं ऐकलं नाही, अंतरपाटाचं ऐकलं नाही, ती सगळी माणसं हातातलं टाकून पायऱ्या उतरतात.

परवा तवा तापत ठेवून मी शेजारी गप्पा मारत बसले, आणि माझ्याच घरातून मीच ओरडले. मलाच इतका दचका बसला, की सगळ्यांच्या आधी मी खाली पोचले.